कालवाची गोळी

९ मे, शुक्रवार

आणि मी म्हणतो, झालं ना तुझ्या मनासारखं? पोट कापून झालं, एकशे बेचाळीस किलोचा ब्याऐंशी झालो, आता तरी पिच्छा सोड. पण नाही. शैलाताईचं कधी संपतच नाही. आज सुट्टी, म्हणून आईला फोन लावला, तर उचलला हिने. कसा आहेस नाही, काय नाही. थेट, "गोळी चावलीस का?" मी काय कोंबडी आहे, अंड्याचं कवच घट्ट व्हायला मला रोज दाणे टाकतेस?

मी म्हटलं, आईला दे. म्हणते, आधी सांग. मी म्हटलं, खाल्ली. म्हणते, कधी खाल्ली, चहाबरोबर तर नाही ना? मी म्हटलं, चहात बुडवून खाल्ली, खारीसारखी. फोन ठेवला. आईशी बोलणं राहिलंच.

तोंडाने बोललो की भांडण होतं, म्हणून इथे लिहितोय. डायरी भाजीच्या सप्लायरने वाटलेली, वर खजुराचं झाड आहे. आठवी नापास माणसाची डायरी कोण वाचायला येतोय? इथे ओमानमध्ये, दुक्मच्या कॅम्पात तर मराठी वाचणारा एक गौतमच, तो शीवचा, आमच्या मेसचा मोठा कुक. आणि त्याला मेनूपलीकडे काय वाचायचा कंटाळा.

१४ मे

पोत्याने कांदे सोलले. शेकडो माणसं इथे जेवतात, प्लेट भरून भात घेतात, वर परत घेतात. मी वाढतो आणि बघतो. मला चार घास गेले की पाचवा घशात उभा राहतो. मेसमध्ये काम करून उपाशी राहणारा जगात मी एकटाच असेन.

लालबागला मला बुरुज म्हणायचे. नाव रघु, पण रघु कोण हे कोणाला माहीत नव्हतं. आमच्या गोविंदा पथकात खालच्या थराला मधोमध मी. माझ्या खांद्यावर राजेश भावोजी, म्हणजे ताईचाच नवरा, त्यांच्यावर पुढचे, त्यांच्यावर आणखी, पार वर एक्का. आठ थर पाय रोवून धरले मी. लोक वरच्या एक्क्याला बघतात, त्याच्यासाठी शिट्ट्या मारतात. पण विकासदादा, आमच्या पथकाचे मास्तर, ते थर लावायच्या आधी फक्त माझ्या कमरेवर थाप मारायचे. "बुरुज बसला की मग घाई नाय," असं म्हणायचे.

मग काय, झोपेत श्वास अडकतो म्हणून ताईने डॉक्टरकडे नेलं. साखर निघाली. गुडघे गेलेले निघाले. परदेशी जायच्या मेडिकलमध्ये दोनदा फेल. दोन दिवाळ्या झाल्या त्याला. ताईने धरून नेलं आणि ऑपरेशन करून घेतलं. जठराची वाटी करून टाकली आणि अर्धं आतडं वळसा घालून जोडलं. वजन उतरलं, नोकरी लागली, सगळे खूष. बुरुज कुठे गेला ते कोणी विचारलं नाही.

१६ मे

आज ताईचा व्हॉइस मेसेज, लांबलचक. ही परळला कुरियरच्या ऑफिसात पावत्या फाडते, पण बोलते अशी की मोठी सर्जन. म्हणे कॅल्शियम दोन जातीचं असतं. एक स्वस्त, कार्बोनेट का काय ते, त्याला विरघळायला पोटात ॲसिड लागतं, आणि तुझ्या वाटीत ॲसिड उरलं नाही. म्हणून सायट्रेटवालीच घ्यायची. ती पण एकदम नाही, थोडी थोडी, दिवसातून तीनदा. आणि लोखंडाची गोळी तिच्यापासून दोन तास लांब, कारण जवळ आल्या की एकमेकींना पोचू देत नाहीत.

मी विचारलं, गोळ्या आहेत का सासू-सुना आहेत?

हसली नाही. तिला हसायला वेळ नसतो.

ह्या सायट्रेटवाल्या महाग. हॉस्पिटलच्या खालच्याच दुकानात मिळायच्या. मला तेव्हाच वास आला होता. डॉक्टर लिहितो, खालचा विकतो, मधे कोणीतरी हात ओले करतो. ताई सरळ आहे, तिला कोणीही गुंडाळतं. आणि ती मग मला गुंडाळते.

२३ मे

आज कॅम्पच्या बाहेर मेडिकलच्या दुकानात गेलो. काउंटरवर केरळचा माणूस. म्हटलं, भाई, कॅल्शियम. त्याने पटकन बरणी ठेवली. केवढी बरणी! लोणच्याची वाटावी. वर आकडा मोठा, हजार. ताईच्या गोळ्यांवर आकडा छोटा आणि पैसे जास्त. मी म्हटलं, यही चलेगा ना, ऑपरेशनवाले को? ऑपरेशन कसलं ते काय मी सांगितलं नाही. कंपनीला पण सांगितलेलं नाही. पोटावरच्या भोकांना मी हर्निया सांगितलाय. तो म्हणाला, कॅल्शियम तो कॅल्शियम होता है भाई, और ये नेचुरल है, समुंदर का सीप.

बरणीवर चित्र होतं. नीट बघितलं तर ओळखीचं. अरे, हे तर कालव! मालवणला आजोळी खडपावर बसून दगडाने कालवं फोडून खाल्लीत मी, समुद्राच्या पाण्यात धुऊन तशीच. आता कालवाच्या कवचाची पावडर करून विकतात. हे आपलं खाणं आहे. कसलं सायट्रेट घेऊन बसलीस ताई!

सकाळी एकदा घ्यायची, विषय संपला. चहाबरोबर हजारवाली, लोखंडाची, सगळ्या एका घोटात. शेवटी जायचंय एकाच पोटात.

३० मे

ताईने ह्या वेळी पाठवलेल्या सगळ्या स्ट्रिपा गौतमला देऊन टाकल्या. तो दोन महिने सुट्टीवर चाललाय, त्याच्या आईची कंबर धरते. गौतम म्हणाला, "अरे येड्या, तुझ्या आहेत ना ह्या?" मी म्हटलं, घेऊन जा, पुण्य लागेल. ताईच्या हातचं काहीतरी कोणाच्या तरी कामाला येऊ दे.

२० जून

कंपनीने दिलेले बूट भिकार आहेत. उजव्या पायाचा वरचा भाग चार-पाच दिवस ठणकतोय. सुपरवायझरला म्हटलं, साइज बदलून द्या. तो म्हणतो, बूट छान है, तुम्हारा चाल खराब है. तुझ्या बापाची चाल खराब.

वर एसी. मेसच्या कोल्ड रूममध्ये उभं राहून मासळी काढतो, हात बधिर होतात. बाहेर आलं की बोटांत मुंग्या. आज ओठाभोवती पण आल्या. पोटऱ्यांना असे गोळे येतात की झोपेत ओरडतो, बाजूच्या बेडवरचा नेपाळी शिव्या घालतो. सगळं एसीमुळे. ऊन म्हणून दिसत नाही इथे. उजाडायच्या आधी मेसमध्ये, उन्हं उतरल्यावर बाहेर.

आज व्हिडिओवर ताई मधेच म्हणाली, "हात वर कर जरा. बोटं अशी आखडून का धरलीयेस?" मी म्हटलं, तुझा गळा धरायची प्रॅक्टिस करतोय.

१० जुलै, गुरुपौर्णिमा

आज आनंद आहे म्हणून लिहितो, नाहीतर डायरी म्हणेल हा फक्त बोंबलतो.

पथकाने आज नारळ फोडला, सराव चालू. विकासदादांनी स्वतः व्हिडिओ लावला. मैदानातला चिखल दिसला, पोरं दिसली, माझ्या जागेवर तो स्वप्नील उभा. ठोकळा आहे नुसता. कंबर कुठे ठेवायची कळत नाही त्याला. दादा म्हणाले, "काय रे बुरुज, भिंत झाली की तुझी!" सगळे हसले. मी पण हसलो. मग म्हटलं, दादा, ऑगस्टमध्ये सुट्टी मंजूर झालीये, तिकीट काढलंय. मला बेसला उभा करा.

दादांनी आधी मैदानातल्या पोरांकडे बघितलं. मग म्हणाले, "बेसला वजन नाय लागत रघ्या, कंबर लागते न् पाय लागतात. पाय आहेत ना?"

म्हटलं, खांब आहेत दादा.

"मग ये. जागा धरून ठेवतो."

दरवर्षीसारखी शपथ झाली. श्रावण लागला की गोपाळकाल्यापर्यंत मासळी-मटण बंद, दारू बंद, बेसवाल्यांनी नारळावर हात ठेवून बोलायचं. मी मेसच्या कोठीतला एक नारळ उचलला, फोन पिंपावर टेकवला आणि इथून बोललो. तो नेपाळी बघत राहिला. त्याला काय कळणार.

आता कोण म्हणतो बुरुज गेला?

२४ जुलै, अमावस्या

आज गटारी. लालबागला आज काय वास सुटले असतील घराघरातून. उद्यापासून श्रावण.

दुपारी बरणी हातात घेतली आणि एकदम डोक्यात आलं. ही गोळी कालवाची. कालव म्हणजे मासळीच की. कवच असलं म्हणून काय झालं, कोलंबीचं डोकं आमटीत घातलं तर ती आमटी काय शाकाहारी होते? नारळावर हात ठेवून बोललोय मी. तिकडे पोरं थरावर चढणार, आणि इथे मी रोज सकाळी चोरून कालव खाणार? थराखाली उभं राहणाऱ्याने नेम मोडला तर वरचे पडतात, हे लहानपणापासून ऐकत आलोय.

म्हणून आज शेवटची खाल्ली. लोक गटारीला कोंबडी खातात, मी कालवाची गोळी खाल्ली. बरणी कपाटात वर ठेवली, गोपाळकाल्यापर्यंत हात लावणार नाही.

ताईला हे सांगायची सोय नाही. तिला बरणीच माहीत नाही.

२७ जुलै

तिने काय केलं! तिने काय केलं माझ्या बहिणीने!

काल संध्याकाळी सरावाच्या मैदानात गेली. सगळ्या पथकासमोर. पोरं कंबर बांधत होती, त्यांच्या मधून चालत विकासदादांपर्यंत गेली आणि म्हणाली, रघु कॅल्शियम घेत नाही, त्याची हाडं कशी आहेत कोणाला माहीत नाही, रक्ताचा रिपोर्ट आल्याशिवाय त्याला उभा करू नका. रिपोर्ट नाही तर बेस नाही.

हे मला आज दादांनी सांगितलं. आवाज कसनुसा. "ती बोलते त्यात चूक काय नाय रे. तुझ्यावर चाळीस-पन्नास पोरं असतात. आण रिपोर्ट, विषय संपव."

पथकात बाई बोलते आणि माझी जागा ठरते! तिकडे सगळे हसले असतील. बुरुजाला आता गोळ्या लागतात म्हणून.

आणि हिला सांगितलं कोणी, मी गोळ्या घेत नाही? मी कधीच बोललो नाही. नेहमी म्हणतो, खाल्ली. कोण चुगली करतंय?

फोन केला. म्हटलं, तू मेलीस मला. ती म्हणाली, "बरं. रिपोर्ट पाठव मग." एवढंच. बरं!

२९ जुलै

राजेश भावोजींचा फोन. मी उचलणार नव्हतो. माणूस तसा गरीब, बेस्टच्या डेपोत आहेत, कधी आवाज चढवत नाहीत. म्हणाले, "रघ्या, ती चार दिवस जेवलेली नाय धड."

मी म्हटलं, तिला सांगा, तुझ्या नवऱ्याला काय होत नाही. कळलंय मला सगळं. तुम्ही माझ्या खांद्यावर उभे राहता, म्हणून तिला घाम फुटलाय. माझ्या हाडांची कसली काळजी, कुंकवाची काळजी!

भावोजी म्हणाले, "मी तर यंदा उतरलोय रे पथकातून. मे महिन्यातच. माझी पाठ गेली. तुला सांगितलं नाय का तिने?"

नाही सांगितलं.

"मग तिला घाम कसला फुटलाय ते तूच बघ," म्हणाले आणि फोन ठेवला. शिकवणार मला. सगळेच मला शिकवणार.

बाथरूमला जाताना भिंत धरावी लागते. तो पाय. ते बूट.

१ ऑगस्ट, शुक्रवार

रक्त दिलं. तिच्या नाकावर रिपोर्ट मारायचा म्हणून दिलं. कॅम्पच्या क्लिनिकात डॉक्टरीण आहे, जाडा चष्मा, हिंदी बरी बोलते. म्हटलं, मॅडम, कॅल्शियमचा रिपोर्ट पाहिजे, चांगला. ती म्हणाली, रिपोर्ट चांगला-वाईट मी नाही बनवत. लंगडतोस का? म्हटलं, बूट. म्हणाली, बूट काढ. पायाच्या वरच्या भागावर एका ठिकाणी अंगठा दाबला, आणि माझ्या तोंडून जी शिवी गेली ती लालबागच्या नाक्यावर पण कोणी दिली नसेल. तिने शांतपणे एक्सरेचा कागद लिहिला.

४ ऑगस्ट

हाड तडकलंय.

पडलो नाही, काही अंगावर पडलं नाही. चालता चालता तडकलं. पंजाच्या मधलं हाड, केसाएवढी रेघ आहे. डॉक्टरणीने एक्सरे उजेडाला धरून दाखवली. मला आधी दिसलीच नाही. मग दिसली, आणि मग दुसरं काही दिसेना.

रक्तात कॅल्शियम कमी. व्हिटॅमिन डी तर जवळजवळ नाहीच. तिने शर्ट वर करायला लावला, पोटावरची भोकं बघितली आणि म्हणाली, हे हर्नियाचं नाही. खरं सांग. सांगितलं. ती खुर्चीवर मागे टेकली. "यह बात पहले दिन क्यों नहीं बोला?"

मी बरणी नेली होती. म्हटलं, मॅडम, कॅल्शियम खात होतो, हे बघा, हजारवाली. तिने बरणी उलटी केली, मागचं बारीक वाचलं. म्हणाली, हा शिंपला आहे. शिंपला म्हणजे दगड. तो विरघळायला ॲसिड लागतं, ते तुझ्या पोटात आता नावाला आहे. वर एकदम एवढं शरीर घेतच नाही, त्यात चहा आणि लोखंडाची गोळी. तू दोन महिने दगड गिळलास आणि सकाळी बाहेर टाकलास. शरीराला रक्तात कॅल्शियम पाहिजेच, ते बाहेरून मिळालं नाही की ते हाडातून काढून घेतं. तुला सायट्रेट पाहिजे. ऑपरेशन केलं तिथे कोणी सांगितलं नाही का?

सांगितलं होतं, म्हटलं.

"किसने?"

मी बरणीचं झाकण घट्ट केलं. कोण होती ती, ह्या बाईला काय सांगू?

मग तिने विचारलं, ही तरी रोज घेत होतास का? म्हटलं, गेले दहा-बारा दिवस नाही. का? म्हटलं, श्रावण आहे. तिला कळलं नाही. समजावून सांगितलं, कालव, मासळी, नारळ. ती माझ्याकडे बघत राहिली. हसली असती तर बरं झालं असतं.

कंपनीला ऑपरेशनचं कळवणार नाही म्हणाली. दीड महिना बसून काम, पायात पट्ट्याचा बूट. मी विचारलं, दोन तास उभा राहू शकतो का? खांद्यावर थोडं वजन असेल. ती म्हणाली, किती वजन? मी म्हटलं, सोडा.

५ ऑगस्ट

आईला सगळं सांगितलं. बाजूला ताई नव्हती. आई आधी ऐकत राहिली, मग तोंड सुटलं. "मेल्या, औषधाक श्रावण नसता! देव काय तुझी बरणी उघडून बघता? मी माशाच्या तेलाची गोळी श्रावणात पण घेतंय, देवान माका काय केल्यान?"

मी म्हटलं, आई, शपथ घेतली होती.

"शपथ घेतलंस मटण न खावची. हाडा मोडून घेवची कोणी घेतलंस?" मग रडायला लागली. "माझी हाडा घे रे बाबा. माका आता खय हंडी फोडूची आसा?"

हिची हाडं. कॅमेरा भांड्यांवर होता, ती वाकून ओट्याला हात टेकून बोलत होती. हल्ली बघावं तेव्हा ओट्याला टेकलेली असते. मी म्हटलं, तू सरळ उभी का राहत नाहीस? म्हणाली, कॅमेऱ्यात तसा दिसता.

६ ऑगस्ट

रिपोर्ट कोणाला पाठवलेला नाही. तिकीट मंगळवारचं आहे. पट्ट्याचा बूट विमानतळावर काढून टाकता येतो. एक दिवसाचा तर प्रश्न. पट्टी घट्ट बांधायची, दोन दुखायच्या गोळ्या गिळायच्या. पूर्वी ताप असताना पण उभा राहिलोय. ताईला म्हणायचं, रिपोर्ट हरवला.

८ ऑगस्ट

बघूया तरी म्हणून आज दुपारी कोठीत गेलो. कोणी नव्हतं. तांदळाची गोणी खांद्यावर घेतली, एकच. बूट काढला, पाय रोवले, विकासदादांनी शिकवलं तसं गुडघे थोडे सैल, कंबर आत. आधी काही नाही. मनात म्हटलं, बघा, खांब आहे खांब.

मग उजव्या पायात कोणीतरी सुरी फिरवली. मी काही ठरवलं नव्हतं, पाय आपला आपण उचलला गेला. गोणी डोक्यावरून पुढे गेली, फुटली, तांदूळ दारापर्यंत.

मी तिथेच तांदळात बसून राहिलो. एक गोणी होती. थर म्हणजे काय ते मला माहीत आहे. खालचा एक पाय उचलला की वरचे कसे येतात ते मी एकदा बघितलंय, नायगावच्या पथकाचं. आधी आवाज येत नाही. सगळं सावकाश खाली बसल्यासारखं वाटतं. आवाज मग येतो.

सुपरवायझर आला, ओरडला. ओरड म्हटलं. बसल्या बसल्या सगळा तांदूळ भरला.

९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

गौतम सुट्टीवरून परत आला. ताईने त्याच्याजवळ पार्सल दिलंय. सायट्रेटवाल्या स्ट्रिपा, रबरबँड लावून, आणि एक राखी. चिठ्ठी नाही.

गौतम खूष. "तुझी ताई काय बाई आहे रे! जुलैमध्ये पार्सल विचारायला फोन केला तिने, मी म्हटलं, ताई, तुमच्या रघुने माझ्या आईला इतक्या चांगल्या गोळ्या दिल्या, म्हातारी दुवा देते. तर तिने गोळ्यांचं नाव विचारलं. मग म्हणाली, आईंना नीट घ्यायला सांगा, संपल्या तर मला कळवा."

म्हणजे हा. चुगलीखोर हा. आणि त्याला कळलंच नाही त्याने काय केलं. त्याला मारावं म्हणून उठलो, तर पाय.

विकासदादांना रिपोर्ट पाठवला. एक्सरे पण. खाली लिहिलं, स्वप्नीलला माझी जागा द्या. त्याला सांगा, कंबर पुढे काढतो, आत ठेव. टाचेवर जातो, पंजावर राहा. पाच मिनिटांनी उत्तर आलं. "तुझी जागा तुझीच. स्वप्नील भाडेकरू."

राखी गौतमने बांधली. त्याच्या केसाळ हातांनी. मी म्हटलं, कोणाला सांगू नकोस. सगळ्या मेसला सांगितलं.

१६ ऑगस्ट, गोपाळकाला

बसून बटाटे सोलत होतो. व्हिडिओ आला, ताईचा. सत्तावीस तारखेच्या त्या फोननंतर पहिल्यांदा. बोलली काही नाही, फोन वर धरला. दादरची कुठलीशी हंडी, ढोल, पाण्याचे फवारे, आणि मधे आमची पोरं. हिला फोन धरता येत नाही. कधी आभाळ, कधी कोणाचा टकला. मी ओरडलो, खाली धर, खाली, मला बेस बघायचाय! तिने खाली धरला.

स्वप्नील होता माझ्या जागेवर. कंबर आत. पंजावर.

थर चढले. सगळे वर बघत होते, ताईचा फोन एकटा खाली. मला फक्त पाय दिसत होते, चिखलातले, एकमेकांत अडकलेले. स्वप्नीलच्या पोटऱ्या थरथरल्या आणि मी मेसमध्ये उभा राहिलो. "श्वास सोड! श्वास सोड रे!" नेपाळी, गौतम, सगळे माझ्या फोनवर वाकले. आठवा लागला, एक्क्याने हात वर केला, तेव्हा वरचं मला काही दिसलं नाही, फक्त आवाज आला. मग थर उतरले. एकेक, नीट, कोणाला ओरखडा नाही.

ताईने फोन स्वतःकडे वळवला. भिजलेली, केस कपाळाला चिकटलेले. मी म्हटलं, रडतेस काय, पाणी मारतात तिथे. ती म्हणाली, "गोळी घेतलीस?"

म्हटलं, तू मेलीस ना मला?

"हो. घेतलीस का पण?"

फोन कापला. घेतली होती. चहाशिवाय. तिला कशाला सांगू, नाहीतर डोक्यावर बसेल.

१७ ऑगस्ट

ताईला मेसेज टाकायचाय, म्हणून आधी इथे लिहून बघतो.

ताई, तिकीट रद्द केलं, एजंटने कापून उरलेले दिले. त्यात ह्या महिन्याच्या पगारातलं घातलंय. माझ्या गोळ्या सायट्रेटवाल्याच घे, सहा महिन्यांच्या, डीची पण. कोण येणार असेल त्याच्याबरोबर पाठव, गौतमची ओळख तू माझ्यापेक्षा जास्त ठेवलीयेस. त्याच्या आईच्या पण घे.

आणि आईला तपासून आण. ती ओट्याला टेकून उभी राहते, ते कॅमेऱ्यामुळे नाही. हाडांचा फोटो काढ, रक्त काढ. ती नको म्हणेल, मासळीचं तेल घेते म्हणेल, देव बघतो म्हणेल, तुला शिव्या देईल. ऐकू नकोस. विचारू पण नकोस. मला नेलं होतंस तशी धरून ने.

हिशेब पाठवायचा नाही. फोन करून लेक्चर द्यायचं नाही. पाठवतोय एकतीस हजार चारशे.